कुलगुरू घरच्या भाषेत बोलले

सेतुराम जन्मात कधी कोणाशी भांडले नाहीत. लोक याला सद्गुण म्हणतात. म्हणोत बापडे. तिरुविडैमरुदूरच्या घरातून ते रोज बसने कुंभकोणमला जायचे, सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, फळ्यावर रंगीत खडूंनी बेडकाची आतडी काढायचे आणि संध्याकाळच्या बसने परत यायचे. बसमध्ये कोणी त्यांच्या पायावर पाय दिला तर माफी तेच मागायचे. भावाने वाटणीत विहिरीकडची बाजू बळकावली तेव्हा हरिप्रिया, म्हणजे त्यांची बायको, कित्येक दिवस धुसफुसत होती. हे म्हणाले, "पाणी दोघांसही लागतेंच कीं, गे." शेवटी हरिप्रियाच कंबर कसून दिराच्या दारात गेली आणि विहिरीवरचा हक्क मिळवून आली. त्या दिवशी सेतुराम देवळात जाऊन बसले होते.

निवृत्तीनंतर ते गावाबाहेरच्या एका खाजगी विद्यापीठात शिकवायला लागले. विद्यापीठ विजयराघव नावाच्या गृहस्थांचं. त्यांच्या भाताच्या गिरण्या होत्या, बसगाड्या होत्या, मग विद्यापीठ झालं. लग्नाला जसा भटजी लागतो तसा विद्यापीठाला कुलगुरू लागतो. मुहूर्त घरच्यांनी आधीच काढलेला असतो, याने फक्त मंत्र म्हणायचे. आधीचे कुलगुरू गुडघे दुखतात असं सांगून एका दुपारी निघून गेले. ते जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरत गेले, हे शिपाई मणीने पाहिलं होतं, पण तो बोलला नाही.

मग विजयराघवांनी सेतुरामांना बोलावलं. "सर, तुमचं कोणाशीच वाकडं नाही," ते म्हणाले. "प्रभारी कुलगुरू म्हणून मला असाच माणूस पाहिजे."

सेतुरामांना आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. न्यायला दारात गाडी यायला लागली. मणी त्यांना पाहून उठून उभा राहायला लागला. तमिळमध्ये या पदाला जो शब्द आहे त्याचा अर्थ उपराजा असा होतो, आणि राज्य नाही, सैन्य नाही, तरी माणसाला तो शब्द ऐकून बरं वाटतं. पुण्याच्या एका दूरच्या नातेवाइकाने फोन करून "सेतुराम कुलगुरू झाले म्हणे!" असं अभिनंदन केलं, तेव्हा तर घरात गंमतच झाली. तंजावरकडच्या मराठी घरांत कुलगुरू म्हणजे मठातले स्वामी. तिरुनीलक्कुडीच्या वेदवतीअत्तेच्या कानावर ते गेलं आणि ती रिक्षा करून आली, ती थेट हरिप्रियाच्या गळ्यात पडून रडायला लागली. "संन्यास घेतले म्हणे! आतां तुझें कसें गे?" हरिप्रियाला हसू आवरेना. सेतुरामांनाही आवरेना. त्यानंतर त्या घरात मोकळं हसू म्हणून झालं नाही.

पंधरवडाही झाला नसेल, गाडीतून जाताना विजयराघव सहज बोलले, "फिजिओथेरपीच्या मुलांनी काही विचारलं तर मान्यता येतेय म्हणून सांगा."

"म्हणजे आली नाही?"

"फिजिओथेरपीच्या परिषदेनं नाकारलीय. दोन वर्षं होत आली. मी कोर्टात गेलोय."

"मग मुलं?"

"मुलं शिकतायत की," विजयराघव म्हणाले, आणि ड्रायव्हरला ए.सी. वाढवायला सांगितला.

सेतुराम प्राणिशास्त्राचे असले तरी एवढं त्यांना कळत होतं. परिषदेची मान्यता नाही म्हणजे ती पदवी नुसता कागद. त्या मुलांना कोणत्याही इस्पितळात कोणाच्या गुडघ्याला हात लावता येणार नाही. तिसरं वर्ष संपत आलं होतं. शेतमजुरांची, विणकरांची, पुजाऱ्यांची मुलं होती ती. काहींच्या घरात तर शाळेची पायरी पहिल्यांदा यांनीच चढली होती. त्या दिवसापासून सेतुरामांच्या घशाखाली घास नीट उतरला नाही.

आणि मग चैत्र संपता संपता परिषदेच्या एका अधिकाऱ्याचा चेन्नईहून फोन आला. आवाजावरून माणूस भला वाटत होता. ते म्हणाले, "सर, अशा मुलांसाठी एक वाट निघालीय. तुमच्या विद्यापीठानं स्वतःहून कबूल करायचं की आमच्याकडे मान्यता नाही. मग आम्ही मुलांना मान्यता असलेल्या कॉलेजांत वाटून देऊ, झालेली वर्षंही धरू. पण शुक्रवारपर्यंत. आणि कबुली कुलगुरूंचीच लागते, दुसऱ्या कोणाची चालत नाही."

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा अशी वेळ आली होती, की एक काम जगात फक्त सेतुरामांनाच करता येणार होतं. त्यांनी काय केलं? ते विजयराघवांना विचारायला गेले.

"कबूल केलं तर बाकीच्या अभ्यासक्रमांची मुलंही पळतील," विजयराघव शांतपणे म्हणाले. "चार हजार मुलं आहेत आपल्याकडे. त्यांचं काय करणार? कोर्टात आपण जिंकणार आहोत, सर."

"आणि नाही जिंकलो तर?"

"तुम्ही फार पुढचा विचार करता."

इकडे आड, तिकडे विहीर. त्या रात्री सेतुराम डोळे उघडे ठेवून पडून राहिले, आणि हरिप्रियाला सगळं सांगावं असं दहादा मनात येऊन गप्प बसले.

बुधवारी दुपारी फिजिओथेरपीची मुलं कुलगुरूंच्या खोलीबाहेर व्हरांड्यात येऊन बसली. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं: मान्यता आहे की नाही ते कुलगुरूंनी तोंडाने सांगावं. ऊन तापलं होतं, नदी तर केव्हाच आटली होती, व्हरांड्याच्या फरशीचा चटका बसत होता, तरी कोणी उठत नव्हतं. सेतुराम बाहेर आले, "बघतो," म्हणाले, आत गेले, पुन्हा बाहेर आले. शेवटी त्यांना खोलीत कोंडल्यासारखं व्हायला लागलं आणि त्यांनी दारातच खुर्ची टाकली. मुलं त्यांच्या पायाशी. कोणीतरी त्यांनाच प्यायला पाणी दिलं. ते पाणी पिताना त्यांना रडू फुटेल असं वाटलं, आणि त्यांनी खिशातून फोन काढून हरिप्रियाला लावला.

आता हे कळायला तंजावरकडचा मराठी माणूस कळायला हवा. घराच्या उंबऱ्याआत मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा त्याचा तीनशे वर्षांचा नेम. त्यातून एक खोड लागलेली. बाजारात वांग्यांचा भाव जास्त सांगितला, की नवरा-बायको वांगेवालीच्या तोंडावर मराठीत मसलत करणार. शेजारच्या तमिळ घरी मुलगी बघायला लोक आले, की पाहुणे समोर बसलेले असताना मराठीत मुलाचं नाक नावाजणार किंवा उडवणार. बसमध्ये शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून घरची अब्रू बोलणार. कोणाला कळतंय? मराठी म्हणजे यांची चारचौघांतली बंद खोली. सेतुराम जन्मभर त्या खोलीत जाऊन बोलत आले होते. त्याही दिवशी गेले.

"अस्के लेंकरें बसलेत हो दारांत," ते फोनवर म्हणाले. अस्के म्हणजे झाडून सगळी. "मान्यता आली नाहीं, हरिप्रिये. येणारही नाहीं. दोन वर्षें झालीं, नाकारून. पावम, बापडीं, ह्यांस ठाऊकच नाहीं. मी शुक्रवारपर्यंत कबूल केलों तर वांचतील. विजयराघव म्हणतो नको. मी काय करूं सांग."

पलीकडून हरिप्रिया म्हणाली, "मज काय विचारतांत? करा."

फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं. पुढच्या ओळीत बसलेली एक मुलगी त्यांच्याकडे बघत होती. बाकीची मुलं कंटाळून, घामेजून, कुलगुरू घरी जेवणाचं विचारत असतील अशा समजुतीने बसलेली. आणि हिचा चेहरा पांढराफटक. हजेरीत तिचं नाव एस. जननी. तमिळ मुलखात आडनाव लावत नाहीत, बापाचं आद्याक्षर लावतात. त्या ‘एस’च्या मागे कोण आहे, हे सेतुरामांना कसं कळावं?

सेतुराम आत जाऊन टेबलामागे बसले, तशी ती उठून मागोमाग खोलीत आली, दार लोटलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, दोन वर्षें म्हणालांत. खरें कि?"

सेतुरामांच्या पायाखालची जमीन सरकली. आणि माणसाचा स्वभाव बघा, त्या अवस्थेतही त्यांच्या तोंडून पहिलं काय निघालं, तर, "तूं अमच्यांतली? कोण गांव?" बुडणाऱ्याने काठावरच्याला गोत्र विचारावं, तशातली गत.

"कुंभकोणच," ती म्हणाली. "बाबा बसवर कंडक्टर आहेत, नांव सुंदर. आजोबापर्यंत राव लावीत होते. घरांत अम्ही मराठीच बोलतों." मग तिने पुन्हा विचारलं, "खरें कि, मामा?"

"खरें."

ती रडली नाही. दाराकडे वळली. सेतुराम खुर्चीतून उठून तिच्या आडवे आले.

"सांगूं नको, लेंकी. आतांच सांगूं नको. बाहेर कळलें तर विजयराघव तत्क्षणीं मला काढील. मग कबूल करायला कोणी उरणार नाहीं. शुक्रवारपर्यंत थांब. मी करतों."

यात खोटं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, हेच तर वाईट.

"नक्की?" जननी म्हणाली.

"गोविंदपुरच्या विठ्ठलाची आण."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. तमिळ बोलणाऱ्या कुलगुरूवर तिने विश्वास ठेवला नसता. तीन वर्षांत तसे दोन येऊन गेले होते. पण समोरचा म्हातारा तिच्या बापाच्या भाषेत शपथ घेत होता. ती बाहेर गेली आणि मुलांना म्हणाली, "सर आपल्या बाजूचे आहेत. मी बोललेय. शुक्रवारपर्यंत घरी जाऊ या." मुलं कुरकुरली, पण जननीच्या शब्दाला वर्गात मान होता. फरशी झटक्यात रिकामी झाली. मणीने खुर्ची उचलून आत ठेवली.

गुरुवारी सकाळी सही करून कबुली पाठवली असती, तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण सेतुरामांच्या मनाने घेतलं, की विजयराघवांना न सांगता पाठवणं म्हणजे मागून वार करणं. समोर सांगून मग पाठवू. याला ते सभ्यपणा समजत होते. मी तर म्हणेन, भित्रेपणाच तो, फक्त आंघोळ करून गंध लावून आलेला. विजयराघव मन्नारगुडीला लग्नाला गेले होते. सेतुराम दिवसभर त्यांच्या ओसरीवर बसले, त्यांच्या घरची कॉफी प्यायले आणि परत आले.

शुक्रवारी दुपारी विजयराघव भेटले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, सेतुरामांना निदान दारातून बाहेर पडता आलं असतं. त्यांनी सेतुरामांचा हात हातात घेतला. "सर, तुम्ही म्हणता तर करू. फक्त उद्या चेन्नईहून वकील येतोय, त्याला एकदा दाखवू. एका दिवसानं काय होतंय? परिषदेत माझी माणसं आहेत, मी बोलून ठेवतो." सेतुरामांनी आयुष्यभर ज्याने मागितला त्याला एक दिवस दिला होता. यांनाही दिला.

परत येताना गाडीत जननीचा निरोप आला. मराठीच, पण तमिळ अक्षरांत लिहिलेली. त्या मुलांना नागरी कुठून येणार? "मामा, झालें कां?"

त्यांनी उत्तर लिहिलं, "होतें आहे."

घरी हरिप्रियाने ताट वाढलं. "केलांत?"

"उद्यां."

तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं. "तुम्ही कधीं कोणाशीं भांडला नाहीं म्हणून गांव तुमची स्तुती करतें," ती म्हणाली. "तुमच्या वाटचीं अस्कीं भांडणें मी भांडलें. दिराशीं मी, घर बांधणाऱ्याशीं मी, दवाखान्यांत मी. गांवांत भांडखोर कोण, तर मी. हें एक तुमचें तुम्ही भांडायचें होतें. तेंही लेंकरांसाठीं." एवढं बोलून ती आत गेली आणि स्वतःही जेवली नाही.

शनिवारी पहाटे उठून सेतुरामांनी स्नान केलं, वकिलाची वाट पाहिली नाही, विजयराघवांना विचारलं नाही. कबुली लिहिली, सही केली, परिषदेला ईमेलने पाठवली, आणि त्या अधिकाऱ्याला फोन लावला. छाती भरून आली होती. आपण केलं, असं त्यांना वाटलं. एक-दोन मिनिटं ते वाटणं टिकलं.

"सर," अधिकारी म्हणाले, "मी काल संध्याकाळी मुद्दाम उशिरापर्यंत बसून होतो. कबुली दिलेल्यांची यादी वर गेली."

"एकच दिवस झालाय हो."

"मला कळतंय, सर. पण ती आता माझ्या हातात नाही."

बैल गेला नि झोपा केला. सेतुराम मिळेल त्या गाडीने चेन्नईला गेले. सोमवारी परिषदेच्या दारात दिवसभर उभे राहिले. वरच्या साहेबांच्या पायाशी वाकायलाही ते तयार होते, पण साहेब दुसऱ्या दाराने निघून गेले. ज्याला जन्मात मोठ्याने बोलता आलं नाही, तो माणूस त्या दिवशी जिन्यात ओरडला. पहारेकऱ्याने दंडाला धरून त्यांना खाली आणलं, आणि "घरी जा, अय्या," असं सांगितलं. परतीच्या गाडीत त्यांना एकदाही वाटलं नाही की आपण दमलोय. जीव नकोसा झाला होता एवढंच.

मंगळवारी त्यांनी मुलांना सभागृहात बोलावलं. विजयराघवांनी त्यांना पदावरून काढायचं तोवर ठरवलं होतं, पण सांगायला कोणी आलं नव्हतं, म्हणून मणीने नेहमीसारखा ध्वनिक्षेपक लावून दिला. मुलं आली. जननी मधल्या ओळीत एकटी बसली होती. शुक्रवार उलटून गेल्यापासून तिच्याशी कोणी बोलत नव्हतं, हे तिच्या दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्यांवरून दिसत होतं.

सेतुरामांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. मान्यता नाही. वाट होती. शुक्रवारी बंद झाली. मी शनिवारी सही केली. एवढं सांगायला फार वेळ लागला नाही. मग मागून एक मुलगा उठला. तो म्हणाला, "बुधवारी आम्ही तुमच्या पायाशी बसलो होतो. बुधवारी कळलं असतं तर आम्ही सगळे तेव्हाच चेन्नईला जाऊन बसलो असतो. आमचे आईबाप येऊन बसले असते. बुधवारी हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"फक्त मला," सेतुराम म्हणाले. "माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं."

त्यांना वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून होईल. एका पोरीला तरी आपण वाचवू.

जननी उठून उभी राहिली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

सगळी डोकी वळली. कोणीतरी शिवी दिली. सेतुराम ध्वनिक्षेपक सोडून मंचाच्या कडेपर्यंत धावत आले आणि हात जोडून, काकुळतीला येऊन म्हणाले, "बैस, लेंकी. बोलूं नको. तुझा कांहीं अपराध नाहीं. बैस गे माय."

ती बसली नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तमिळमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, तमिळमध्ये बोला."